मधला झेंडा

दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की मुरबाड तालुक्यात माणसं एकमेकांना विचारू लागतात, यंदा मैदान कुठं? मैदान म्हणजे छकड्यांच्या शर्यतीची धाव. भाताच्या खाचरांचे बांध फोडायला कोणी राजी नसतो, म्हणून बहुधा गावाबाहेरची वरकस जमीन निवडतात. दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे, रोलर फिरवायचा, दोन्ही अंगांना बांबू रोवून दोर ओढायचा. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा लागते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीइतकीच गर्दी तिथल्या गुरांच्या बाजारात असते. तिथं उभा केलेला खोंड कुणी घेतला, आदत आहे की दुसा, कुणाच्या जोडीला पळणार, ही चर्चा पुढं वैशाखापर्यंत पुरते.

या मैदानांवर मी बरेच हंगाम झेंडा पंच म्हणून उभा राहिलो आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. माझ्या दारात शर्यतीचा बैल कधी नव्हता. कुठल्याच गाडीमालकाशी सोयरीक नाही आणि आजच्या गाडीवानांपैकी कित्येकांना मी बाराखडी शिकवली आहे, एवढ्यावर माझा निकाल मानला जातो. निकाल मानला जाणं ही आमच्या भागात लहान गोष्ट नाही. बैलामागं घराची अब्रू असते, आणि बैलाच्या नाकाएवढ्या अंतरावरून दोन गावं वर्षभर बोलत नाहीत.

आमच्याकडं चालते ती बहुतेक बिनजोड. दोन छकडे शेजारी-शेजारी उभे राहतात, एकच पळ होतो, आधी रेषा ओलांडील तो जिंकला. छकडा म्हणजे हलकी, दोन चाकांची, पाठ मोकळी असलेली गाडी. तिच्यावर गाडीवान जेमतेम तोल सावरून उभा राहतो. सुटायच्या जागी बैलांच्या तोंडाशी जवान पोरं लटकलेली असतात. बैलाला कळलेलं असतं की आता पळायचं आहे, तो मागचे पाय रोवतो, जू वर उचलतो, आणि त्या दोन-चार क्षणांत त्याला धरून ठेवणं हे खरं कसब. झेंडा वर असेपर्यंत धरायचं. झेंडा खाली आला की सोडायचं. याला आम्ही सुट्टी म्हणतो. सुट्टी वाकडी झाली, एक जोडी आधी निसटली, तर झेंडेवाला आडवा हात करतो आणि पुन्हा सुरुवात.

इथं कापडच का? शिट्टी चालत नाही, कारण ढोल, डीजे आणि समालोचकाचा भोंगा यांत ती कुणाला ऐकू येणार. आवाजाचा मोठा बार काढावा तर बैल बिथरतो. माळशेज घाट चढून वर गेलात की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे चढत्या धावेवर, याला आणखी एक कारण मिळतं. तिथं जोड्या शेजारी-शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा घड्याळावर पळतो, पुढं घोडी धावते, आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. घड्याळ असतं घाटाच्या वरच्या टोकाला, गाडा सुटतो खालच्या टोकाला. खालून कुणी ओरडलं तर तो आवाज तीनशे मीटर चढून वर पोचायला जवळजवळ एक सेकंद घेतो. निशाण पडलेलं मात्र त्याच क्षणी दिसतं. ज्या खेळात सेकंदाच्या तुकड्यावर बक्षीस ठरतं, तिथं निशाणच हवं. विदर्भातल्या शंकरपटातही, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांमध्ये, लढत घड्याळाशीच असते.

लाल झेंडा बघून बैल उधळतो का, असं पोरं मला अजून विचारतात. बैलाच्या डोळ्यांना लाल रंग आपल्यासारखा वेगळा दिसतच नाही. तो बुजतो ते फडफडीला. झेंडा आहे तो माणसांसाठी. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण मला जे म्हणायचं आहे ते यावरच उभं आहे.

आमच्या मैदानावर झेंडे दोन. एक सुटायचा, एक निकालाचा. निकालाच्या रेषेवर मी उभा असतो, आणि हल्ली माझ्या शेजारी मोबाईलवाले असतात, वर ड्रोन असतो. त्यानं भांडणं कमी झाली, हे मी मनापासून मान्य करतो. पण सुट्टी आणि निकाल यांच्यामधला जो सगळा पल्ला, जिथं बैल सर्वांत जोरात असतात, जिथं चाक निखळतं, जोखड तुटतं, जिथं दोराखालून वाकून माणूस आत येतो, तिथं आमच्याकडं एकही झेंडा नाही. कधी नव्हता.

मध्यंतरी तर कुठलाच झेंडा नव्हता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बैलांचा समावेश खेळ-प्रदर्शनात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्रानं आपला कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि मैदानं ओसच राहिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले, तेव्हा कुठं हा विषय मिटला. त्या सात-आठ वर्षांत आमच्या भागातल्या किती दावणी मोकळ्या झाल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी लागते, काठी-चाबूक चालत नाही. बैलाला खिळे टोचून पळवणारे हात मी तरुणपणी पाहिले आहेत, त्यामुळं हे नियम मला हवेच होते असं मी कुणासमोरही सांगतो. बैलाची काळजी कायद्यानं घेतली. माणसांची काळजी घेणारा झेंडा मात्र आम्हालाच उभा करावा लागेल.

एका मैदानावरची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. दुपारची वेळ, पाऊस संपून तीन महिने झालेले, धुरळा असा की शंभर पावलांवरचं दिसेना. एक छकडा मधेच कलंडला. गाडीवान खाली, एक बैल जोखडात अडकलेला, त्याला सोडवायला आठ-दहा जण धावेत शिरलेले. सुटायच्या टोकाला यातलं काहीच दिसलं नाही. तिथं पुढची जोडी जुपून तयार होती, बैल आवरत नव्हते, झेंडा पडला. मधल्या माणसांनी उपरणी, टोप्या, जे हाताला लागलं ते हवेत फिरवलं. गाडीवान शहाणा होता, त्यानं जोडी दोराकडं ओढली आणि बांबू मोडून छकडा बाहेर गेला. कुणी मेलं नाही. एकाचा पाय मोडला. संध्याकाळी बक्षीस वाटप वेळेवर झालं.

त्या संध्याकाळी मला माझे बाबा आठवले. बाबा रेल्वेत गँगमन होते, शहापूर तालुक्यात, खर्डी ते कसारा या टप्प्यावर. मुरबाडला आजही रेल्वे नाही, पण शेजारच्या शहापुरातून ती एकोणिसाव्या शतकापासून धावते. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे कंपनीची लाईन १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत आली, आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट ओलांडून इगतपुरीला पोचली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. आजही गाडीला मागून ढकलायला कसाऱ्याला जादा इंजिनं लागतात. घाटात पावसाळ्यात दरड कधी येईल सांगता येत नाही, म्हणून रात्रपाळीची गस्त असते: कंदील, हातबत्ती, फटाक्यांचा डबा आणि गुंडाळलेल्या दोन झेंड्या. बाबांच्या काखेत मी त्या झेंड्या इतक्या वेळा पाहिल्या की हिरवीची काठी कुठं घासलेली होती ते मला अजून सांगता येईल.

रेल्वेनं झेंड्याचं शास्त्र बनवलं ते याच मधल्या पल्ल्यासाठी. स्टेशनात गाडी डोळ्यांसमोर असते. भीती असते वळणापलीकडची. रूळ तुटला, दरड आली, काम काढलं, तर गँगनं काय करायचं ते ठरलेलं: अडथळ्यापासून सहाशे मीटरवर रुळांवर आडवं लाल फडकं, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन फटाके रुळावर बांधलेले, आणि तिथं लाल झेंडी घेऊन माणूस उभा. फटाका चाकाखाली फुटला की चालक अर्धा सावध होतो, झेंडी दिसली की ब्रेक पुरता लावतो, आणि तरीही जो काही वेग उरतो तो जिरवायला फडक्यापलीकडं सहाशे मीटर शिल्लक राहतात. हे आकडे बाबांना तोंडपाठ होते. माझी शाळा सुटल्यावर ते माझ्याकडून वदवून घेत.

रंगांमागंही मोठा अनुभव आहे. इंग्लंडातल्या सुरुवातीच्या रेल्वेत लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे खुशाल जा, अशी रीत होती. मग लक्षात आलं की रात्री दिव्याची लाल काच फुटून पडली तर उरतो तो पांढरा उजेड, म्हणजे धोक्याच्या जागी रस्ता मोकळा असल्याचा इशारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा गेला, हिरव्याला मोकळ्या वाटेचा मान मिळाला, आणि सावधगिरीसाठी पुढं पिवळा आला. चुकीचा इशारा मिळण्यापेक्षा इशाराच न मिळणं बरं, आणि इशारा न मिळाला तर थांबणं सर्वांत बरं, हा त्यातला विचार.

आणखी एक नियम बाबा सांगत. जवळ झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरा. तेही जमत नसेल तर हाताला येईल ती वस्तू जोरजोरात हलवा. जोरात हलवलेली कुठलीही वस्तू म्हणजे थांबा, असं रेल्वेचं पुस्तकच सांगतं. मैदानावरच्या त्या माणसांनी उपरणी फिरवली तेव्हा त्यांना पुस्तक ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी बरोबर तेच केलं. समोरच्या टोकाला ते वाचणारा कुणी नेमलेला नव्हता.

मोटारींच्या शर्यतींकडं मी वळलो तो नंतर, आणि वळलो तो या एकाच प्रश्नासाठी. आपल्यातल्या पुष्कळांना त्या शर्यतीतला एकच झेंडा ठाऊक असतो, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, सेबास्टियन व्हेटेल जिंकला, आणि तो झेंडा हलवला आपल्या सचिन तेंडुलकरनं. आमच्या गावातही ते चित्र घरोघरी पाहिलं गेलं. त्या चौकटींचं मूळ अमेरिकेत सापडतं: १९०६ साली लांब पल्ल्याच्या मोटार सफरींमध्ये वाटेत गाड्यांच्या वेळा तपासणारी ठाणी असत, तिथं हा झेंडा लावत, आणि त्याच वर्षीच्या व्हँडरबिल्ट चषकाच्या छायाचित्रात तो शर्यतीच्या शेवटी दिसतो. दुरून, धुरळ्यातून, कुठल्याही पार्श्वभूमीवर उठून दिसेल असं ते कापड आहे, त्यामुळं ते टिकलं यात मला नवल वाटत नाही.

शेवटचा झेंडा पाहुण्यांना देतात, हेही आपल्यासारखंच. आपल्याकडं पहिल्या सुट्टीला आमदार-सभापती असतात, तिकडं निकालाला खेळाडू, नट, मॉडेल. २००२ साली ब्राझीलमध्ये खुद्द पेले झेंडा घेऊन उभे होते आणि मायकेल शूमाकर त्यांच्यासमोरून जिंकून निघून गेला तरी झेंडा हलला नाही. २०१८ साली कॅनडात झेंडा एक फेरी आधीच पडला. हलवणाऱ्या पाहुणीला तिथल्या अधिकाऱ्यानंच तसं सांगितलं होतं. सत्तर फेऱ्यांची शर्यत नियमाप्रमाणं अडुसष्टाव्या फेरीवर मोजावी लागली. दोन्ही वेळा नुकसान झालं ते मानाचं किंवा गुणांचं. जीव कुणाचा गेला नाही. आणि म्हणूनच तो झेंडा पाहुण्याच्या हाती देता येतो. पिवळा झेंडा मात्र कधी कुठल्या पाहुण्याच्या हाती दिलेला मी ऐकला नाही.

पिवळा झेंडा हा मधला झेंडा. धावपट्टीच्या कडेनं ठरावीक अंतरावर मार्शल उभे असतात. नियमानं दोन चौक्यांमधलं अंतर पाचशे मीटरहून जास्त नसावं आणि प्रत्येक चौकीला मागची-पुढची चौकी नजरेत असावी. साधा झेंडा साठ बाय ऐंशी सेंटीमीटरचा. लाल आणि चौकटींचा त्याहून मोठा, ऐंशी बाय शंभर. एक पिवळा हलला तर वेग कमी करा, पुढच्या गाडीला मागं टाकू नका, वळणापलीकडं काही तरी आहे. दोन पिवळे हलले तर वेग खूप कमी करा, थांबायची तयारी ठेवा, रस्ता अडला आहे किंवा माणसं रस्त्यावर काम करताहेत. हिरवा म्हणजे संकट मागं गेलं. पिवळा-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा पाणी, निळा म्हणजे मागून जलद गाडी येते आहे, वाट द्या. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमची गाडी नादुरुस्त आहे, आत या. आणि लाल म्हणजे शर्यत थांबली. हे मार्शल बहुतेक हौसेनं आलेले, बिनपगारी लोक असतात. कुणी दुकानदार, कुणी कारखान्यात, कुणी कॉलेजात. उन्हात दिवसभर उभे राहतात आणि ज्या शर्यतीचं वेड आहे तिच्याकडं पाठ करून पुढच्या चौकीकडं बघत बसतात. माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

पण हे शहाणपण त्या खेळाला फुकट आलेलं नाही. २९ जुलै १९७३, हॉलंडमधलं झांडफोर्ट. रॉजर विल्यमसन नावाच्या इंग्रज तरुणाची गाडी उलटून पेटली. तो आत अडकलेला, शुद्धीवर. मागून येणारा डेव्हिड पर्ली आपली गाडी थांबवून धावत गेला, एकटा ती गाडी उलथवायचा प्रयत्न करत राहिला. मार्शलांकडं आगीतून जायचे कपडे नव्हते. पिवळे झेंडे हलत होते, लाल हलला नाही. बाकीच्या चालकांना वाटलं, धडपडणारा माणूस त्याच गाडीतून बाहेर पडलेला चालक आहे, म्हणजे सुटला. शर्यत चालू राहिली. विल्यमसन गेला. पर्लीला पुढं जॉर्ज पदक मिळालं. या प्रसंगाचं चित्रण उपलब्ध आहे. मी ते एकदा पाहिलं, पुन्हा बघवलं नाही. झेंडा होता, पण जो हवा तो नव्हता. इशारा अर्धा असेल तर बघणारा उरलेला अर्धा स्वतःच्या मनानं भरतो, आणि बहुधा सोयीचं तेच भरतो.

५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेतलं कायालामी. एका बंद पडलेल्या गाडीला आग लागली म्हणून एक एकोणीस वर्षांचा मार्शल, फ्रेडरिक यान्सन व्हान व्ह्यूरेन, आग विझवायचं नळकांडं घेऊन धावपट्टी ओलांडत होता. चढापलीकडून आलेल्या टॉम प्राइसला तो दिसला नाही. दोघंही जागीच गेले. ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका. पावसात एक गाडी घसरून बाहेर गेली, ती उचलायला यंत्र आत आलं, दोन पिवळे हलत होते, तरी ज्यूल बियांकीची गाडी त्याच जागी घसरली आणि त्या यंत्राला धडकली. नऊ महिने बेशुद्ध राहून १७ जुलै २०१५ रोजी तो गेला. त्यानंतर ठरलं की झेंडा बघून वेग किती कमी करायचा हे चालकावर सोडायचं नाही. २०१५पासून सगळ्या गाड्यांना एकाच वेळी ठरवून दिलेल्या वेगावर आणणारी व्यवस्था आली. तिकडं प्रत्येक सुधारणेमागं अशी एकेक तारीख आहे.

आपल्या मुंबईचं एक नाव या इतिहासात येतं. नझीर हुसेन, १९८० साली मुंबईहून सुटलेल्या हिमालयन रॅलीमागचे मुख्य माणूस, पुढं फॉर्म्युला वनमध्ये स्टुअर्ड, म्हणजे निकालपंच झाले. १९९८ साली इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनला पावसात सेफ्टी कार पुढं असताना शूमाकरनं एका गाडीला मागं टाकलं. अशा वेळी पुढं जायला बंदी असते. तिघा पंचांनी दंड दिला, पण तो कळवायला ठरलेल्या मुदतीहून उशीर झाला आणि लिहिलेला कागद संदिग्ध होता. शूमाकरनं शेवटच्या फेरीत दंड भोगायला गाडी आत घेतली. फेरारीची जागा रेषेच्या पलीकडं होती, म्हणून थांबण्याआधीच तो जिंकलेला होता. अखेर दंडच रद्द झाला आणि तिन्ही पंचांनी आपले परवाने परत केले. हुसेन यांच्यासारखा आयुष्यभर या खेळासाठी झटलेला माणूस त्यात होता, याचं मला वाईट वाटतं. तरी परवाना परत करण्यात मला पंचाचा धर्म दिसतो. वेळ टळून गेल्यावर दिलेला इशारा मैदानावर कामाचा नसतो, हे त्यांनी कृतीनं मान्य केलं.

बुद्ध सर्किटवरची सचिनच्या झेंड्याची आठवण सगळे काढतात. मला त्याच्या दोन दिवस आधीची अधिक मोलाची वाटते. शुक्रवार २८ ऑक्टोबर, पहिला सराव सुरू होतो न होतो तोच एक भटकं कुत्रं धावपट्टीवर आलं. लगेच लाल झेंडे निघाले, सराव थांबला, कुत्रं बाहेर काढलं, मग पुन्हा सुरुवात. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या एका कुत्र्यासाठी थांबल्या, आणि थांबवणाऱ्या चौक्यांवर आपल्याच देशातली माणसंही उभी होती. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये.

आता आमच्या मैदानाकडं येतो. इथं एक फरक आहे आणि तो समजल्याशिवाय पिवळा झेंडा उचलून आणण्यात अर्थ नाही. मोटारीचा चालक झेंडा वाचून पाय उचलतो. सुटलेली बैलजोडी चारशे मीटरच्या पल्ल्यात कुणाच्या सांगण्यानं थांबत नसते. गाडीवान कासरा ओढून फार तर दिशा बदलतो. म्हणून आमचा मधला झेंडा गाडीवानासाठी नसेल. तो असेल सुटायच्या टोकावरच्या पंचासाठी, आणि दोराबाहेरच्या माणसांसाठी. इथं मोटारींपेक्षा बाबांची रेल्वे जास्त उपयोगी पडते. पुढचा टप्पा मोकळा असल्याची खूण आल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. तसंच मधल्या माणसानं हिरवी धरल्याशिवाय सुट्टीचा झेंडा वर जायचाच नाही. लाल असेल, किंवा धुरळ्यामुळं काहीच दिसत नसेल, तर बैल सोडायचे नाहीत, मालक कितीही ओरडला तरी.

हजार मीटरच्या धावेला पाचशेचं माप लावलं तर मध्यावर एक चौकी पुरते असं वाटेल. आमच्या धुरळ्यात ती पुरणार नाही. मला अडीचशे-अडीचशे मीटरवर तीन हव्यात, दोराबाहेर, जमिनीपासून पुरुषभर उंच माचावर, प्रत्येकीवर दोन माणसं. एक धावेकडं बघणारा आणि एक लोकांकडं बघणारा. झेंडे ऐंशी बाय शंभरचे. दोन पळांमध्ये टँकरनं पाणी मारायचं, म्हणजे झेंडा दिसेल. आणि मोबाईल घेऊन आत उतरलेला माणूस बाहेर जाईपर्यंत लाल खाली येणार नाही, हे समालोचकानं भोंग्यावरून दर पळाआधी सांगायचं.

यंदाच्या मैदानाच्या बैठकीत हे मी मांडलं. एका गाडीमालकानं विचारलं, मास्तर, बैल जुपून उभे असताना इतका वेळ आवरणार कोण? प्रश्न रास्त आहे. जुपलेली जोडी फार वेळ उभी ठेवली तर बैल थकतो आणि सुट्टी बिघडते. त्यावर म्हातारे बैलवाले होते त्यांतल्याच एकानं उत्तर दिलं, हिरवी दिसल्यावरच जुपायचं, आधी नाही. मला हे सुचलं नसतं. पाणी मारायचा खर्च कुणी करायचा यावर अजून बोलणं चालू आहे. माचांसाठी बांबू सरपंच देणार आहेत. झेंडे धरायला मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांतली सहा पोरं निवडली आहेत, त्यांत दोन मुली आहेत, आणि एकाच्याही घरी शर्यतीचा बैल नाही. रविवारी सकाळी मोकळ्या धावेवर त्यांचा सराव ठेवला आहे. पहिला धडा तोच, बाबांचा: हातात झेंडा नसेल तर काय करायचं.